सर्व्हरची वीज, विदर्भाची राख
प्रस्तावना

चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत एक वीजवाहिनी जाते. लांबी साधारण साडेसातशे किलोमीटर, दाब ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॅट. १९९९पासून ती काम करते आहे. ही एकदिश प्रवाहाची वाहिनी असल्यामुळे चंद्रपूरला चढलेली वीज थेट पडघ्यालाच उतरते. वाटेतल्या एकाही गावाला तिच्यातून जोडणी घेता येत नाही. विदर्भाचा कोळसा आणि मुंबईचा वापर यांचं नातं इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी गोष्ट महाराष्ट्रात नसेल.

या वाहिनीच्या पश्चिमेकडच्या टोकाला गेल्या दहा वर्षांत विजेचं एक नवं आणि मोठं गिऱ्हाईक उभं राहिलं आहे: डेटा सेंटर. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६मध्ये आणि गूगलने २०१७मध्ये मुंबईत आपापली क्लाउड सेवा सुरू केली. २०२०मध्ये पनवेलला योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं. देशातल्या डेटा सेंटरच्या एकूण क्षमतेपैकी जवळपास निम्मी क्षमता आज मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात एकवटली आहे. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल तिथेच किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार तिथेच आहेत. त्यामुळे हे घडणं साहजिक होतं.

मग डेटा सेंटर मुंबईत आणि त्यांच्या विजेची उठाठेव नागपुरात बसून कशासाठी? हे पुस्तक लिहायला घेतल्यापासून अनेकांनी हा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर आधी देतो, कारण पुस्तकाचा सगळा रोख त्या उत्तरात आहे.

नागपूरच्या उत्तरेला कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. शेजारी खापरखेडा आहे, पूर्वेला मौदा आहे, पुढे गोंदिया जिल्ह्यात तिरोडा आहे, दक्षिणेला चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र आहे. ग्रिडमध्ये एकदा मिसळलेली वीज कोणाकडे गेली हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पण राज्याच्या औष्णिक विजेचा फार मोठा भाग विदर्भात तयार होतो आणि तिची राख विदर्भातच राहते, हे सांगायला मीटर लागत नाही. जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा गाळ आजूबाजूच्या शेतांत, नाल्यांत पसरला. ज्यांच्या शेतात तो गेला त्यांच्यापैकी कितीजणांनी डेटा सेंटर हा शब्द ऐकला असेल? त्यामुळे मुंबईतल्या सर्व्हर रूममध्ये एक युनिट वीज वाचली की त्याचा पहिला फायदा कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या माणसाला व्हायचा आहे. हा प्रश्न आपला आहे, तो असा.

दुसरंही एक कारण आहे. नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आणि मिहान प्रकल्पात बसून आपली मुलं जे सॉफ्टवेअर लिहितात, ते याच डेटा सेंटरांत चालतं. व्हीएनआयटीसह इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या हीच यंत्रणा चालवणार आहेत. वीज तयार करणारं टोक आपल्याकडे आहे आणि वीज खर्च करणारा प्रोग्राम लिहिणारे हातही आपल्याकडे आहेत. या दोहोंची गाठ मराठीत घालून द्यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता मूळ विषयाकडे येऊ. सर्व्हर म्हणजे पावणेदोन इंच किंवा त्याच्या पटीत उंची असलेला, रॅकमध्ये आडवा सरकवलेला लोखंडी डबा. समोरून थंड हवा आत ओढायची आणि मागून गरम हवा बाहेर फेकायची, यासाठी त्यात लहान पंख्यांची एक रांग असते. आत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून डेटा सेंटरला दोनदा खर्च येतो: एकदा सर्व्हर चालवायला आणि दुसऱ्यांदा त्याने तयार केलेली उष्णता बाहेर काढायला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या ती दीड टक्का होते, आणि २०३०पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाण्याची शक्यता त्याच संस्थेने वर्तवली आहे.

अब्जांचे आकडे डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. म्हणून एकच सर्व्हर घेऊ. पूर्ण भार असताना तो ४०० वॅट घेतो आणि काहीही काम नसताना, नुसता चालू ठेवला तर, २०० वॅट घेतो असं धरा. असा एक सर्व्हर वर्षभर रिकामा चालू राहिला तर १७५२ युनिट खर्च होतात. त्याला थंड ठेवण्याचा आणि यूपीएसमधल्या गळतीचा खर्च आणखी निम्मा धरला तर बेरीज २६२८ युनिटांवर जाते. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट तयार करायला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो आणि त्या कोळशात राखेचं प्रमाण तीस ते चाळीस टक्के असतं. ही सगळी वीज कोळशाची धरली तर वर्षाला सुमारे पावणेदोन टन कोळसा आणि सहाशे किलो राख. एका डब्यामागे, आणि तोही कोणाचंही काम न करणाऱ्या डब्यामागे.

रिकामे सर्व्हर खरंच इतके असतात का? असतात, आणि त्यामागे निष्काळजीपणापेक्षा भीती जास्त असते. बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. दुपारी एक वाजता निकाल लागतो आणि लाखो मुलं, त्यांचे आईवडील, मामा-मावश्या एकाच वेळी त्याच संकेतस्थळावर तुटून पडतात. संकेतस्थळ कोलमडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. म्हणून यंत्रणा त्या एका तासाच्या हिशेबाने उभी करावी लागते. उरलेलं वर्षभर तिच्यावर तुरळक वर्दळ असते. क्षमता मात्र तीच राहिली तर वीज खातच राहते. सातबारा काढण्याचं संकेतस्थळ, रेल्वेचं आरक्षण, सहकारी बँकेचं महिनाअखेरचं काम, सगळीकडे हाच प्रकार. गर्दीच्या वेळेसाठी घेतलेली क्षमता एरवीही जागीच असते.

गूगलचे अभियंते लुइझ बारोसो आणि उर्स ह्योल्त्सले यांनी २००७मध्ये एका लेखात आपल्या हजारो सर्व्हरांची सहा महिन्यांची पाहणी मांडली. बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेच्या दरम्यान काम करत होते. चांगल्यातला चांगला सर्व्हरसुद्धा काम नसताना पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज घेत होता. जेवढं काम तेवढीच वीज, हे यंत्राचं ध्येय असलं पाहिजे, असं त्यांनी आग्रहाने म्हटलं. त्यानंतर सर्व्हर बरेच सुधारले, पण शून्य कामाला शून्य वीज घेणारा सर्व्हर आजही बाजारात नाही.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. विखुरलेलं काम थोड्या यंत्रांवर गोळा करायचं आणि उरलेली यंत्रं बंद करायची. एका खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी सर्व्हर उभे करता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि ती चालू असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवता येतात. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वरच्याच आकड्यांनी हिशेब करू. दहा सर्व्हर प्रत्येकी वीस टक्के भाराने चालले तर प्रत्येकी सुमारे २४० वॅट, म्हणजे एकूण २४०० वॅट लागतात. तेच काम चार सर्व्हरांवर आणलं तर प्रत्येकावर पन्नास टक्के भार येतो, प्रत्येकी ३०० वॅट लागतात, एकूण १२००. काम तेवढंच झालं, अचानक वाढणाऱ्या गर्दीसाठी निम्मी जागा शिल्लक राहिली आणि वीज निम्म्यावर आली.

प्रत्यक्षात हे इतकं सरळ नसतं. कोणतं मशीन कोणत्या सर्व्हरवर बसवलं म्हणजे सर्वांत कमी सर्व्हर लागतील, हा गणितातला अवघड प्रश्न आहे; मशीनची संख्या वाढली की अचूक उत्तर काढायला संगणकालाही वेळ पुरत नाही, म्हणून जवळपासच्या उत्तरावर समाधान मानावं लागतं. मशीन हलवण्यालाही वीज आणि नेटवर्क लागतं. सारखी हलवाहलव केली तर वाचलेलं त्यातच जातं. चार यंत्रांवर सगळं आणलं आणि त्यातलं एक बिघडलं, तर एकदम पाव काम अडतं. शिवाय ग्राहकाला दिलेला शब्द असतो: पान इतक्या वेळात उघडलं पाहिजे, सेवा इतके टक्के वेळ चालू राहिली पाहिजे. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या आणि अँटोन बेलोग्लाझोव्ह यांनी याच ओढाताणीवर जे काम केलं, त्याच्या आधारावर आज भारतातल्या अनेक महाविद्यालयांत संशोधन चालतं. बुय्या यांच्याच प्रयोगशाळेतून आलेलं क्लाउडसिम हे सॉफ्टवेअर घेऊन विद्यार्थी एकही सर्व्हर विकत न घेता हजार सर्व्हरांचं डेटा सेंटर आपल्या लॅपटॉपवर उभं करून पाहू शकतो. पुस्तकाचं तिसरं प्रकरण या प्रयोगांवर आहे.

या ठिकाणी एका नागपूरकर विद्यार्थ्याचं नाव घ्यायलाच हवं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, अभियंता झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. एक मोठं गणित अनेक लहान प्रोसेसरांत वाटून देणं, हे त्याचं मर्म होतं. त्या पिढीसमोर प्रश्न होता काम वाटायचं कसं. आजच्या पिढीसमोर त्याच्या जोडीला उलटा प्रश्न उभा आहे: वाटलेलं काम गोळा कसं करायचं आणि रिकामं झालेलं यंत्र निर्धास्तपणे बंद कसं करायचं. पहिल्या प्रश्नाला ज्या मातीतून उत्तर मिळालं, तिथून दुसऱ्यालाही मिळावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. महाराष्ट्रात त्या दिशेने काम झालंही आहे. नाशिकच्या ईएसडीएस कंपनीने गरजेप्रमाणे चालू सर्व्हरची क्षमता आपोआप कमी-जास्त करणारं तंत्र विकसित केलं, ते याच जातीचं. भीतीपोटी क्षमता अडवून ठेवण्याची गरज अशा तंत्रामुळे कमी होते.

काम आटोपशीर केल्यावर उरतो तो थंडाव्याचा खर्च. तो मोजण्यासाठी ग्रीन ग्रिड या संघटनेने २००७मध्ये पीयूई हे माप रूढ केलं. डेटा सेंटरमध्ये आलेली एकूण वीज भागिले सर्व्हर, साठवण आणि नेटवर्क यांना मिळालेली वीज, एवढंच ते आहे. आदर्श आकडा १. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे, तर गूगलसारखी कंपनी आपल्या केंद्रांचा सरासरी आकडा १.१च्या आसपास सांगते. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच वाचू शकणारी वीज.

नागपूरच्या उन्हात हा आकडा खाली आणता येईल का, असं विचारलं की लोक मान हलवतात. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं, तिथे सर्व्हर कसले थंड राहणार? पण नागपूरच्या घराघरात याचं उत्तर खिडकीला लावलेलं आहे. वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्यांवरून पाणी सोडायचं आणि पंख्याने त्यातून हवा ओढायची. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर या पद्धतीने हवा तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास आणता येते. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, अशी अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस आहे. म्हणजे नवतप्यातल्या कोरड्या दुपारीसुद्धा, यंत्र नीट बांधलं असेल तर, कॉम्प्रेसरवरचा बराच भार हलका होऊ शकतो. दमट मुंबईला ही सवलत नाही. मृगाचा पाऊस पडला की आपल्यालाही नाही. कूलर तेव्हा नुसती चिकचिक वाढवतो, आणि मोठ्या यंत्रांचीही तीच गत होते. त्या महिन्यांत चिलर लागणारच. पण पावसाळा वगळता वर्षाचे उरलेले महिने आपल्या हातात आहेत.

या सवलतीची किंमत पाण्यात मोजावी लागते. एक युनिट विजेची उष्णता बाष्पीभवनाने काढायला साधारण दीड लिटर पाणी उडून जातं. दहा मेगावॅटची उष्णता चोवीस तास अशी काढायची तर रोज साडेतीन लाख लिटरहून जास्त पाणी हवं. विदर्भात उन्हाळ्यात हे पाणी पिण्याच्या पाण्यातून घेणं पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. २०१०च्या उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे चंद्रपूरच्या केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते. तो धडा विसरून चालणार नाही. सुदैवाने वाटही नागपूरनेच दाखवली आहे. भांडेवाडीला शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून रोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना महानगरपालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांनी प्रत्यक्षात आणली. वीजकेंद्राच्या थंडाव्याला जे पाणी चालतं, ते आणखी थोडी प्रक्रिया करून डेटा सेंटरलाही चालेल. विदर्भात उद्या मोठं डेटा सेंटर येणार असेल, तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी ही त्याच्या परवानगीची पहिली अट असावी.

मोठ्या केंद्रांबद्दल इतकं लिहिताना लहान सर्व्हर रूम विसरलेलो नाही. महाविद्यालय, रुग्णालय, पतसंस्था, सरकारी कार्यालय, प्रत्येक ठिकाणी एक बंद काचेची खोली असते आणि तिथे एसी १८वर लावलेला असतो, कारण तो कोणीतरी एकदा तसा लावला. तिथे फार थोड्या पैशांत पुष्कळ करता येतं. रॅकमधल्या रिकाम्या खणांवर झाकणपट्ट्या लावा, म्हणजे मागची गरम हवा फिरून पुढे येणार नाही. रॅक समोरासमोर तोंड करून ठेवा, पाठीला पाठ लावा. मग तापमान एकेक अंशाने वाढवत न्या. घरगुती एसीत एका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर त्याची वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आणि हे सगळं करण्याआधी प्रत्येक सर्व्हरवर कोणाचं काम चालतं याची यादी करा. यादीत ज्याचा धनी सापडत नाही, तो सर्व्हर बंद करण्याच्या रांगेत पहिला.

एक आक्षेप मात्र मला टाळायचा नाही. वीज वाचवली की सेवा स्वस्त होते, स्वस्त झाली की वापर वाढतो, आणि वाचलेलं सगळं वापरात गडप होतं. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांचं काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं, तरी वीज सुमारे सहाच टक्क्यांनी वाढली, असं २०२०मध्ये सायन्स या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने दाखवलं. काटकसरीची ताकद त्यातून कळते. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि तो तोल ढळला. २०३०चा जो अंदाज वर दिला, तो त्याचाच परिणाम. तेव्हा काटकसर आवश्यक आहे आणि एकटी अपुरी आहे, ही दोन्ही विधानं मी एकत्र मांडतो. तिच्या जोडीला उघड हिशेब हवा. युरोपीय संघाने ५०० किलोवॅटपेक्षा मोठ्या डेटा सेंटरांना वीज आणि पाण्याचे आकडे दरवर्षी कळवणं बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे सेबीच्या नियमांमुळे शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या मोठ्या कंपन्या ऊर्जेचे आकडे देतात, पण ते सबंध कंपनीचे असतात. कुठल्या इमारतीने किती वीज आणि किती पाणी घेतलं, हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्र डेटा सेंटरांना सवलती देतो; त्या सवलतींच्या बदल्यात हे आकडे मागण्याचा राज्याला पूर्ण अधिकार आहे.

पुस्तकाची मांडणी थोडक्यात सांगतो. पहिलं प्रकरण कोळशापासून सर्व्हरपर्यंतच्या विजेच्या प्रवासावर आहे, दुसरं सर्व्हरच्या आत वीज कुठे जाते यावर. तिसऱ्यात काम गोळा करण्याच्या पद्धती आहेत. ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांनी त्यातली सूत्रं सोडून उदाहरणं वाचली तरी धागा तुटणार नाही. चौथं प्रकरण लहान सर्व्हर रूमसाठी आहे आणि ते सर्वांत आधी वाचलं तरी चालेल. पाचवं थंडावा आणि पाण्यावर, तर सहावं धोरण आणि नागरिकांच्या हक्कांवर आहे. तांत्रिक शब्द शक्यतो रोजच्या बोलण्यातले ठेवले आहेत. सर्व्हरला सर्व्हरच म्हटलं आहे.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. पुस्तक पुढे वाचण्याआधी आपल्या महाविद्यालयातल्या किंवा कार्यालयातल्या सर्व्हर रूममध्ये जा आणि तीन आकडे टिपून घ्या: खोलीचं तापमान, चालू सर्व्हरची संख्या आणि त्यांतल्या किती सर्व्हरवर आज प्रत्यक्ष काम चालू आहे ती संख्या. शेवटच्या दोन आकड्यांत फरक निघाला, तर तो कोणी आणि कधी कमी करायचा हे त्याच आठवड्यात ठरवा. मुंबईकडे हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच मिळेल.

नागपूर